साडूच्या गाडीत चहा सांडत नाही

नाही, पण मी म्हणतो, आमच्या हिला चहा पिऊन घरून निघता येत नाही? गाडीतच प्यायला पाहिजे? आणि प्यायचा तर पी बाई, पण दर घोटाला माझ्याकडे बघून ‘भाऊजींच्या गाडीत चहा सांडत नाही’ हे कशाला? भाऊजी म्हणजे माझा साडू, हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तुम्हाला सांगतो, मी जळत नाही हो त्याच्यावर. माणूस चांगला आहे… तोच तर त्रास आहे!

त्याने आपला पिकअप ट्रक उंच करून घेतला, मोठाली चाकं, डोंगरावर चढायला. मग मीही केला. त्याच्यापेक्षा दोन बोटं जास्तच केला, उगाच खोटं कशाला बोलू? तर त्याची गाडी लोण्यातून चालल्यासारखी, आणि माझी जरा वेग घेतला की अशी थडथडायची की आरशात मागच्या माणसाला चार डोकी दिसायची. हिने दोन फेऱ्या सोसल्या आणि सरळ बहिणीच्या गाडीत जाऊन बसली. म्हणजे सहलीला बायको त्यांच्या गाडीत आणि माझ्या गाडीत कोण? तर सतरंज्या!

आता त्याचं काय असतं, मागच्या ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, पुढे एक नाक असतं, पिनियन म्हणतात. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट त्या नाकाला जोडलेला. गाडी उंच केली की शाफ्ट तिरका होतो, मग नाकही तेवढंच वर करावं लागतं, कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांखाली पाचर घालून, नाहीतर थडथड. एवढंच! साडूला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं त्याने. पण विचारायचं कशाला? मी काय जळतो का त्याच्यावर?

घातली पाचर. थडथड. काढली, जाड घातली. जास्त थडथड! ही खिडकीतून विचारते, “भाऊजींना बोलवू का?” मी गाडीखालूनच म्हटलं, नको. मोबाइलवर कोन मोजला, शाफ्टचा, नाकाचा, सगळा अगदी तंतोतंत जुळवला… आणि रस्त्यावर आणली तर माझी कवळी हलायला लागली हो!

तेवढ्यात साडू आला. हिने बोलावलाच होता. हात मागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच विचारलं, “कोन मोजलात तेव्हा चाकं जमिनीवर होती ना?”

आता चाकं जमिनीवर कशी असतील? मी खाली शिरणार कुठून? जॅकवर चढवली होती, ॲक्सल आपला खाली लोंबतोय, आणि मी त्याचा कोन जुळवतोय! म्हणजे कोन बरोबरच होता बरं का, फक्त गाडी हवेत उडवायची असेल तर. जमिनीवर वजन आलं की कमानी दबणार, सगळंच फिरणार. मी वाट बघत होतो, आता हसेल. नाही हसला! “माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं,” म्हणाला. खोटं! माझं मन राखायला खोटं बोलला! अशा माणसावर धड जळता तरी येतं का, सांगा.

गाडी सपाटीवर उतरवली, वजनासकट मोजली, पातळ पाचर बसवली, यू-बोल्ट आवळले, आणि तो हात पुसून गेलासुद्धा. हिला म्हटलं, बस. बसली. वेग घेतला… आवाज नाही, थडथड नाही. हिने थर्मास काढला, टोपणात काठोकाठ चहा ओतला, एक थेंब सांडला नाही. मी छाती फुगवून वाट बघतोय, आता काय म्हणते. तिने डोळे मिटून घोट घेतला आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली,

“अगदी भाऊजींच्या गाडीत बसल्यासारखं वाटतंय हो.”

जळत नाही हो मी. सवय झालीय.