ठकुबाईच्या म्हशीखालची तार

मन्सूर : पण पेटी बंद होती ना, पाटील? तुमचाच अर्ज आहे भोरला, ‘गावचा रेडिओ दोन महिने नुसता खरखरतो आहे.’ त्यावर हुकूम निघाला, की रेडिओ उचला आणि वरवे गावाला द्या. तो न्यायला मी कापूरहोळपासून सायकल ढकलत आलो. आणि तुमच्या चावडीत बघतो तर आत बाई झकास गातीय!

पाटील : देवीची करणी, मिस्त्री. सोमवारी बकरं कबूल केलं आन मंगळवारी पेटी बोलाया लागली.

फुला : मग दोन महिने देवी कशाची वाट बघत होती, आबा?

पाटील : बकऱ्याची. तू गप. मिस्त्री, ही आमची धाकटी, फुला. सातवीत हाय, त्यामुळं आमाला काय कळत न्हाई.

फुला : सातवीत पहिली आहे, तेपण सांगा की.

पाटील : वर्गात पोरी दोनच.

फुला : आणि पोरं एकोणीस! ती काय हिशेबात नाहीत?

मन्सूर : भांडा नंतर. मला अहवालात कारण लिहावं लागतं. ‘देवी’ लिहिलं तर साहेब मलाच घरी बसवतील. बॅटरी जुनीच दिसतीय. वरची तार बांबूवर, होती तशीच. आता खालची, भुईत गाडलेली. ती तुम्ही हट्ट धरलात म्हणून मी देवळापुढं गाडली होती. पण येताना बघितलं, तिथं तार नाहीच, नुसता बुजवलेला खड्डा!

फुला : काका, दमून आलाय. गूळपाणी आणते.

मन्सूर : आधी तार.

फुला : शेंगा आणू? भाजलेल्या आहेत.

मन्सूर : आधी तार, बाळ. ही बघा, खिडकीतून बाहेर पडलीय. भिंतीच्या कडेकडेनं... हे परडं कुणाचं?

पाटील : ठकुबाईचं.

मन्सूर : आणि हा तिचा गोठा. या पाटील, वाका जरा. तार थेट म्हशीखाली गेलीय.

पाटील : म्हशीखाली? आन तिथं कशाला?

फुला : ही बघा आबा तुमची देवी. बकरं नको म्हणते, कडबा चालेल म्हणते.

पाटील : फुले! तुझं काम हाय हे?

फुला : माझंच. मंगळवारी पहाटे. टिकाव ठकुकाकूचा, मेहनत माझी.

मन्सूर : ओरडू नका, पाटील. सांगू दे तिला. का हलवलीस?

फुला : काका, पेटी बसवली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, खालच्या तारेला ओल पाहिजे. थंडीत पेटी बरी होती. ऊन तापायला लागलं तशी खरखर सुरू. मग मी देवळापुढं उकरून पाहिलं. वीतभर माती आणि खाली कातळ! त्यावर पुजारीबुवा रोज पळीभर तीर्थ घालणार. पळीभरानं काय होतंय? माझी पाटीसुद्धा भिजायची नाही. म्हणून अख्खा गाव हिंडले. वैशाखात ओल्या राहणाऱ्या जागा दोनच निघाल्या. एक ठकुकाकूचा गोठा, आणि दुसरी चावडीमागची भिंत.

पाटील : चावडीमागं कुठनं आलं पाणी?

फुला : पंचायत लांबली की पंच एकेक करून उठून जातात ना, तिथं.

मन्सूर : अगं! मग ती जागा तर जवळ होती. तीच का नाही घेतलीस?

फुला : पंचांचा काय भरवसा, काका? ते बसतात महिन्यातून एकदा. म्हैस रोज मुतते.

पाटील : हसताय काय मिस्त्री! सकाळच्या पारी अभंग लागत्यात त्या पेटीत. आमी हात जोडून ऐकतो. आन ते समदं म्हशीच्या मुतातनं येतंय व्हय?

फुला : अभंग वरच्या तारेतून येतात, आबा, आभाळातून. खालच्या तारेतून कचरा तेवढा जातो.

मन्सूर : शाळेत असं नाही शिकवत, पण चूक म्हणता येणार नाही.

पाटील : गाय आसती तर एकवेळ ऐकलं आसतं.

फुला : आपली गाय दिवसभर डोंगरात. तिनं काय साठवून आणायचं, रेडिओसाठी?

पाटील : बास! मिस्त्री, उपटा ती तार. जितं हुती तितं गाडा.

मन्सूर : मग पेटी पुन्हा खरखरणार. आणि खरखरली की मला हुकुमाप्रमाणं ती वरव्याला न्यावी लागणार. विचार करा.

पाटील : न्या! पर उद्या वरव्याचं लोक म्हणतील, ह्यांचा रेडिओ म्हशीनं वाजिवला. म्या पाटील हाय गावचा. उपटा म्हंतो ना!

(मन्सूर तार उपटतो. चावडीतलं गाणं बुडतं, खरखर तेवढी उरते.)

फुला : घ्या. झालं समाधान? आता बातम्या लागतील, त्यापण अशाच ऐका.

पाटील : मला काय करायच्यात बातम्या? म्या आपलं बाजारभाव ऐकतो.

फुला : बाजारभावाला कुणी पेटीला कान चिकटवून बसत नाही. दादा ब्रह्मदेशात आहे, चार महिने पत्र नाही. तुम्ही रोज सगळ्यांना चावडीबाहेर काढता आणि एकटे ऐकत बसता. मी खिडकीतून बघते. पेटी वरव्याला गेल्यावर काय करणार? रोज चार कोस चालणार?

मन्सूर : मानसिंग लढाईवर आहे? मला ठाऊक नव्हतं, पाटील.

पाटील : सांगायचं काय त्यात. गेलेत की लई जणांचे.

फुला : आबा...

पाटील : किती वाजलं, मिस्त्री?

मन्सूर : पाच मिनिटं आहेत.

पाटील : घाला परत.

मन्सूर : देवळापुढं?

पाटील : म्हशीखाली. आन वाईच खोल घाला, न्हाईतर पाय देऊन तोडंल ती.

फुला : आबा! मग बकरं?

पाटील : बकरं व्हणार. गावाला आवतनं गेल्यात. तुझ्या शहाणपणापायी लोकांचं मटण बुडवू व्हय?

मन्सूर : घातली. ऐका, आली बघा बाई परत! आता अहवाल. ‘जमीन कोरडी असल्याने तार ओल्या जागी हलविली.’ कुणी हलविली, तेही लिहावं लागतं.

पाटील : लिवा हिचं नाव. देवीला काय सही करता येत न्हाई.

फुला : आणि पुढं लिहा, यत्ता सातवी, पहिला नंबर.

पाटील : गप आता दोघंबी. लागल्या बातम्या.

मन्सूर : किती स्वच्छ ऐकू येतंय. भोरला आमच्या कचेरीत असं येत नाही.

पाटील : श्श.

फुला : ...संपल्या, आबा.

पाटील : समद्या?

फुला : समद्या.

पाटील : मानसिंगाचं नाव न्हाई आलं.

फुला : नाही आलं.

पाटील : मग आजचा दिस बरा गेला म्हणायचा. कुणाचं काय बरंवाईट झालं तर ह्यात नाव सांगत असतील. म्या रोज तेवढ्यासाठी बसतो. न्हाई आलं की जेवाया जातो.

मन्सूर : पाटील, बातम्यांत शिपायांची नावं...

फुला : सांगतात, आबा. एकूण एक सांगतात.