कुलपातलं शेवटचं प्रकरण

ग्रोनिंगन शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात विबे आणि त्याची शेजारीण तिनेके माझ्यापुढंच बसले होते.

"तिनेके, तुझा नंबर यायच्या आत फोनमधलं पुस्तक मोठ्या पडद्याच्या ई-रीडरवर आणतो. पैज!"

"हरलास तर, विबे, शेवटचं प्रकरण इथंच मोठ्यानं वाचायचं. ऑपरेशननंतर आठवडाभर मला वाचायला बंदी आहे."

"कबूल... अगं, कंपनीनं पुस्तकाला कुलूप घातलंय!"

"पैसे मोजून घेतलंय मी!"

"या फोनपुरतंच घेतलंयस. फाइलचा प्रकार बदलून पाहिला, तर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटले."

"मग हरलास. फोनवरूनच वाच."

"इथं नायक नायिकेची बटणं सोडतोय गं!"

"पैज म्हणजे पैज."

विबे लालबुंद होऊन पुटपुटू लागला.

"मोठ्यानं वाचा हो, मागं ऐकू येत नाही!" मी ओरडलो.

त्यानं आवाज चढवला. नर्स दारात आली.

"तिनेकेबाई, चला."

तिनेके जागची हलली नाही. "थांबा हो, अजून दोन बटणं राहिलीत."