बुधवारचं अपडेट

…नाही, हसा, तुम्हीही हसा! सगळं त्रिशूर हसून घेतंय, त्यात तुमची भर! पण तुम्हाला सांगतो, माझी सिस्टिम दोन माणसं वापरत होती म्हटलं, दोन! आता त्यातला एक मी, हे मान्य. पण स्वतः कॉम्प्युटरची अख्खी सिस्टिम बांधायची आणि ती दुसऱ्या एका जिवंत माणसाच्या गळ्यात घालायची, हे काय खायचं काम आहे?

लिनक्स म्हणजे कसं, सगळं उघड्यावर ठेवलेलं, फुकट. कुणीही घ्या, हवं तसं जोडा, वर आपलं नाव घाला, झाली तुमची डिस्ट्रो, म्हणजे आपली स्वतःची सिस्टिम! आमच्याकडे शाळेपासून हेच, त्यामुळे दर तिसऱ्या पोराला वाटतं, आपलीही एक असावी. मला वाटलं तर आमचे हंसाक्का, इकडे 'इक्का' म्हणजे दादा, आमच्या लिनक्स मंडळींतले सगळ्यांत जुने, वीज मंडळात कारकून, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चहाच्या दुकानात केळ्याचं भजं माझ्यावर रोखून म्हणतात, "अरे ए प्रजोष, बादली गळते म्हणून कुणी नवी विहीर खणतं का रे? बादली दुरुस्त कर!"

केली होती हो! केली होती दुरुस्त! दोन वर्षांपूर्वी त्या मोठ्या सिस्टिमला, जी जगभर चालते, मी एक सुधारणा पाठवली. तिथे डेटलेफ नावाचा एक जर्मन बसलाय, येईल ते तपासायला. आठ दिवसांनी त्याचं उत्तर: 'ओळीच्या सुरुवातीला चार जागा सोडा.' सोडल्या. आणखी आठ दिवसांनी: 'शेवटची रिकामी ओळ काढा.' काढली. मग म्हणे, 'हेच दोन तुकड्यांत पाठवा.' अरे, मी सुधारणा पाठवतोय की पासपोर्टचा अर्ज भरतोय? मी जग बदलायला निघालेलो, आणि हा रिकाम्या जागा मोजतोय! मांडली मग वेगळी चूल. नाव ठेवलं 'तोणी'. म्हणजे होडी. लहान, एकट्याने वल्हवायची… तेव्हा कळायला हवं होतं मला!

पहिल्या महिन्यात काय केलं? बोधचिन्ह. दुसऱ्या महिन्यात? पडद्यावरचं चित्र, पहाटेची खाडी. तिसऱ्या महिन्यात तोणी परिवाराची आचारसंहिता लिहिली, बारा कलमं, एकमेकांशी सौजन्याने वागावं वगैरे. एकमेकांशी! परिवार कोण? मी! जाहीर करताना 'आम्ही' लिहायचो, 'आम्ही नवी आवृत्ती सादर करत आहोत'. सगळ्या सभासदांना पत्र जायचं आणि टिंग करून माझ्याच फोनवर यायचं. एकदा दुसऱ्या पत्त्यावरून मीच मला 'अभिनंदन' लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं हो! चुका नोंदवायची वही उघडलेली, त्यात एक्केचाळीस तक्रारी, एक्केचाळीसही माझ्या, आणि त्यातल्या सहांवर मीच मला झापलंय, 'नीट तपशील द्या, असं मोघम चालणार नाही'!

आणि मग रोसिली टीचर आल्या.

कुन्नंकुळमजवळ एक वाचनालय आहे, ते त्या चालवतात. गणिताच्या टीचर होत्या, निवृत्त झाल्या, पण आवाज नाही निवृत्त झाला. त्यांच्याकडचा प्रिंटर एक पान छापायचा आणि झोपायचा. प्लग उपटून पुन्हा लावा, की एक पान. भरतीच्या परीक्षांचे अर्ज छापायला पोरांची ही रांग, आणि टीचर दर पानाला टेबलाखाली! गुडघे गेले हो त्यांचे. मी बघितलं, दोष त्या मोठ्या सिस्टिमचाच. चार ओळी बदलल्या. चार! त्या तोणीत घातल्या, तोणी त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवली, आणि प्रिंटरने सलग तीस पानं ओकली. टीचर म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आईला सांग, मुलगा वाया नाही गेला." आईला कसलं सांगू, ती शारजाला, नर्सच्या ड्यूटीवर, बाबाही तिथेच. इथे चार खोल्यांत मी आणि एक विहीर.

तर झाले ना दोन! दोन माणसं वापरतात म्हटलं, दोन!

आणि बुधवारी सकाळी अकराला फोन. "बाळा, हे अपडेट म्हणतंय. दाबू का?" "दाबा, टीचर." "दाबलं. मांजरीने पेपरच्या घोडीखाली पिल्लं घातलीयत, तीन. तू जेवलास का?" अकरा वाजता कोण जेवतं हो? पण विचारायच्या. मग मी काय करायला लागलो, सांगू? दर मंगळवारी काहीतरी बदलायचं. चित्रातल्या खाडीत एक बगळा घाल, पुढच्या मंगळवारी बगळा काढ. कशासाठी? बुधवारी अपडेट निघावं म्हणून! बगळा आत-बाहेर करून मी एक फोन मिळवत होतो.

हंसाक्कांना कळलं तर म्हणाले, "त्या चार ओळी डेटलेफला का नाही पाठवल्यास?" मी म्हटलं, "तो जागा मोजतो!" खरं कारण वेगळं होतं. तिकडे प्रिंटर सुधारला तर टीचर माझ्या होडीत कशाला बसतील?

आणि एक दिवस टीचरच म्हणाल्या, "अरे, शेजारच्या वेलूरच्या वाचनालयात हाच प्रिंटर, बंद पडलाय. वेलूर धरून आणखी अकरा वाचनालयांत आहे. त्यांनाही दे ना तुझी होडी." अकरा! आरमार की हो हे! इस्त्रीचा शर्ट घालून वेलूरला गेलो, तासभर बोललो, स्वातंत्र्य, स्वाभिमान, आपलं स्वतःचं काहीतरी हवं! तिथले चिटणीस, वर्गीस म्हणून, शांतपणे पान लावत होते. पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "सगळं छान आहे, पोरा. पण उद्या तू दुबईला गेलास की ही होडी कोण वल्हवणार?"

मी म्हटलं, मी नाही जाणार.

"सगळे हेच म्हणतात," वर्गीस म्हणाले. "माझे तिन्ही म्हणाले होते."

परतताना बसमध्ये सारखं डोळ्यांसमोर, अकरा प्रिंटर, अकरा टेबलं, आणि प्रत्येक टेबलाखाली कुणीतरी गुडघ्यांवर. आणि वर मी, बगळा काढतोय-घालतोय!

पाठवल्या. चार ओळी, प्रत्येकीआधी चार जागा, शेवटी रिकामी ओळ नाही, मीच दोन तुकडे करून. सहा दिवसांनी डेटलेफ: 'घेतलं. धन्यवाद.' दोन शब्द! दोन वर्षांत अनोळखी माणसाकडून मला आलेलं हे सगळ्यांत गोड पत्र! महिन्याभरात अकराही प्रिंटर धडाधड छापायला लागले. वर्गीसना वाटतं, प्रिंटरच सुधारला. आपोआप. पावसाळा गेला म्हणून!

मग टीचरचा फोन आला, बुधवार नसताना. "बाळा, रागावू नकोस. वाचनालयांच्या कमिटीने ठरवलं, सगळीकडे ती मोठी सिस्टिमच ठेवायची." मी म्हटलं, "बरोबर आहे, टीचर." खरंच बरोबर आहे! तुम्हीच सांगा, चुकीचं आहे का? नाही ना?

आणि बुधवार आला. अकरा वाजले. सव्वाअकरा. फोन नाही. कसा येईल? ती मोठी सिस्टिम कुणाला काही विचारतच नाही हो, आपलं आपण गुपचूप अपडेट करून घेते! तेवढ्यात समोर माझ्याच लॅपटॉपवर पाटी आली: 'तोणी: नवीन अपडेट आहे. घ्यायचं?' सवयीने मंगळवारी बगळा घातला होता ना मी. आजूबाजूला बघितलं, कुणी नाही. टीचरचा आवाज काढून मीच विचारलं, "बाळा, दाबू का?" आणि मीच म्हणालो, "दाबा, टीचर." दाबलं. बगळा आला.

तेव्हा हसा, खुशाल हसा. पण बंद नाही पडली माझी तोणी! एक माणूस वापरतो म्हटलं, एक!

तो जेवलेला नाही, एवढंच.