घरटी एक हात

आशाबाई : ते ताट राहू द्या तिथंच. आधी सांगा, तो हात कुणाचा होता?

रामकिसन : माझा. दुसऱ्या कुणाचा असंल?

आशाबाई : मारुतीच्या पारावर, भरल्या सभेत, नानासाहेबांच्या सुनंसाठी हात वर केला तुम्ही! स्वतःची बायको उभी असताना!

रामकिसन : हळू बोल. माय पडलीय आत.

आशाबाई : ऐकू द्या की त्यांना बी! जिल्हा परिषदेची जागा बायांना सुटली. पक्षाचा निरीक्षक आला, तुमचा उमेदवार तुम्हीच निवडा म्हणला. इतकी वर्षं पक्षाचं काम करत उन्हातान्हात मी हिंडले. ती सूनबाई संभाजीनगरात राहती, तिला गावातली विहीर सापडायची नाय. अन् एका हातानं पडले मी. घरातल्याच हातानं!

रामकिसन : नानासाहेबांनी बन्सीला चितेगावच्या कंपनीत लावलं. बन्सी भाऊ हाय माझा. आज चारचौघांत मला शेजारी बसवलं नानासाहेबांनी, खांद्यावर हात ठेवला. मी काय करणार?

आशाबाई : अन् मला हातच वर करू दिला नाय. घरटी एक हात म्हणं, अन् तो बी कर्त्या माणसाचा!

रामकिसन : गावची रीतच हाय ती. जत्रंच्या बैठकीला बी तसंच असतंय.

आशाबाई : लाज वाटती मला तुमची.

रामकिसन : झालं ते झालं. निरीक्षक साहेब नानासाहेबांकडं जेवायला बसलेत. जेवले की नाव घेऊन निघतील.

मनकर्णाबाई : (आतल्या खोलीतून बाहेर येत) रामकिसन, हे घर कुणाच्या नावावर हाय रं?

रामकिसन : माय, तू कशाला उठलीस?

मनकर्णाबाई : इचारलं ते सांग.

रामकिसन : तुझ्या.

मनकर्णाबाई : मग घराचा हात वर करायच्या आधी मला इचारलंस?

रामकिसन : अगं, रीत म्हणजे...

मनकर्णाबाई : रीत मी कुठं मोडती? घरटी एक हात. घर माझं, हात माझा. तुझा धरू नका म्हणून सांगते त्या साहेबाला.

रामकिसन : नानासाहेब काय म्हणतील? बन्सीची नोकरी जाईल, माय!

मनकर्णाबाई : बन्सी बी माझ्याच पोटचा हाय. गेली नोकरी तर इथं जेवंल. त्यासाठी सुनंच्या पाठीत सुरा घालायचा व्हय रं? आशा, माझी चप्पल दे. त्यांचं जेवण उरकायच्या आत पोचू दे मला.

रामकिसन : थांब, मी येतो संगं.

मनकर्णाबाई : कशाला? घरटी एकच लागतो.