गवत कापतो, हे लिहू नकोस

—नाही नाही, अहवालातलं ते खोड आधी. ‘स्वतःहून गवत कापतो’ — हे लिहू नकोस गं बाई. मलाही ऐकू येतंय, नाश्त्यापासून मशीन चालवतोय कॅलम, कडेकडेनं किती सुबक कापतो माझा लेक — पण ते तुझ्या-माझ्यात. बस, चहा घे. नवी आहेस ना? वाटलंच. तुझ्याआधीची रिकव्हरी कोच टॅम्सिन, तुझ्यासारखीच, मनाच्या आजारातून त्याला सावरायला आठवड्यातून दोनदा यायची. अकरा महिने लागले तिला, त्याला खोलीबाहेर काढून बसमध्ये बसवायला — आणि तिनंच अहवालात लिहिलं, ‘आता एकटा बसनं बॅलराटच्या बाजारात जातो.’ इतकी खूश होती! मीपण वेडी, केक केला होता. तुमच्या तासांचे पैसे देणाऱ्या सरकारी अपंगत्व योजनेच्या लोकांनी काय वाचलं? बरा झाला. मग कोच कशाला? टॅम्सिनचे तास बंद. सहा आठवड्यांनी पोलिसांनी त्याला तळ्यातून ओढून काढलं — इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि अंगावर नुसता पायजमा.

तेव्हा शहाणी झाले. इथल्या अशा मुलांच्या सगळ्या आया हेच सांगतात — योजनेच्या माणसांसमोर सगळ्यात वाईट दिवस मांडायचा, चांगले दिवस घरात ठेवायचे. पण आता ते घरीच येतात बघायला. गुरुवारी येतील, हा हसतमुखानं चहा करेल, वर कप धुऊन ठेवेल — झालं कल्याण! तुझं येणं बंद. मग वाईट दिवस दिसायला नको का? हवाच ना? म्हणून जरा… अशी बघू नकोस माझ्याकडे. त्याच्या रोजच्या औषधाची अर्धीच गोळी देते. फक्त अर्धी, तीनच आठवडे, भेट होईपर्यंत. मीच देते ना हातावर, त्याला काय कळतंय. काल भिंतीशी बोलायला लागला थोडा. बरं वाटलं मला — बरं म्हणजे तसं नव्हे, न्हाणीघरात जाऊन रडलेच नंतर — आई आहे गं मी. उरलेल्या अर्ध्या टाकवत नाहीत, बरणीत ठेवल्यात, शेडमध्ये पेट्रोलच्या डब्यामागं, शुक्रवारपासून पुन्हा पूर्ण गोळी चालू की—

थांब. मशीन बंद पडलं का?

काही नाही. पेट्रोल संपलं असेल, नेहमी मध्येच संपतं. आता शेडमध्ये जाईल, डबा उचलेल, डब्यामागं ती बरणी—

शेडचं दार वाजलं ना? मग पुन्हा मशीन का चालू होत नाही? एरवी डबा आणताना शिट्टी वाजवतो. — कॅलम? कॅलम, राजा, चहा झालाय!

ऊठ तू. पर्स घे. मागच्या दारानं नको, शेड तिकडंच आहे, पुढच्या दारानं जा. आणि ते वाक्य असू दे. गवत कापतो, लिही. छान कापतो म्हणून लिही. जा म्हणते ना!