वांगी रंगाचा झगा

कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत दोघी होत्या. एकीच्या गळ्यात कॅमेरा, दुसरीच्या गळ्यात शिंप्याची टेप.

"मावशी, चूक माझ्या कॅमेऱ्याची होती. तुझं कापड काळंच होतं."

"मग फोटोत राजाचा झगा वांगी रंगाचा कसा आला? तीनदा काळ्यात बुडवला मी तो. शेवटी दिग्दर्शकाने कामच काढून घेतलं माझ्याकडून."

"रंगमंचावरच्या त्या जुन्या दिव्यांतून इन्फ्रारेड प्रकाशही येतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, माझ्या कॅमेऱ्याला मात्र दिसतो. पॉलिएस्टर कितीही काळं रंगवलंस तरी ते हा प्रकाश परत फेकतं, म्हणून फोटोत वांगी दिसतं. लेन्सवर फिल्टर लावला की तो प्रकाश बाहेरच अडतो."

"नक्की ना? नाहीतर पुन्हा माझीच शोभा."

"काल एकाकडून उसना आणून बघितलाय. झगा कोळशासारखा काळा आला."

"मग घे तो फिल्टर, आणि संध्याकाळी तालमीला ये. पण आल्या आल्या लावू नकोस."

"का गं?"

"दिग्दर्शक रोज तोच काळा कोट घालून येतो. पॉलिएस्टरचाच आहे, मला लांबूनही कळतं. आधी त्याला दिव्याखाली उभा करून एक फोटो काढ."

"आणि मग?"

"मग मी विचारणार, कोट कुणाकडून रंगवून घेतलात?"