जखमेला सुतक नाही

अक्का, उठू नका. पाय त्या खुर्चीवरच राहू द्या.

मंडळी, सानगडीची एवढी माणसं या अंगणात कधी इतकी गप्प बसली नव्हती. मलाही बोलणं अवघड जातं आहे. मी शाळेत मराठी शिकवतो. पण वैद्यजींविषयी भूतकाळात बोलायची जिभेला अजून सवय नाही.

एकच आठवण सांगतो. धान कापलेल्या बांधीत माझ्या टाचेत धसकट शिरलं. जखम लवकरच वरून मिटली. मी खूश होतो. वैद्यजींनी अंगठ्याने दाबलं. मी ओरडलो.

"वरून बुजली म्हनून बरी झाली काय, मास्तर? आत पू हाय."

त्यांनी ती पुन्हा उघडली. त्रिफळा-कडुनिंबाच्या काढ्याने धुतली. तेलात भिजवलेली वात आत सरकवली. मी तोंड फिरवलं.

"तिकडे काय पाहून राहिले? इकडे पाहा. पाय तुमचाच हाय ना?"

आधी शोधन, मग रोपण. आधी साफ करायचं, मग भरू द्यायचं. तळापासून. रोज धुवायचं, रोज पाहायचं. रोज. त्यांच्या वडिलांना अग्नी दिला त्या दिवशीही घाटावरून येऊन, आंघोळ करून, त्यांनी माझी पट्टी सोडली. घरातले थोरले रागावले, "सुतकात दवाखाना कायले उघडून राहिला रे?"

वैद्यजी म्हणाले, "जखमेले सुतक नाही लागत, काकाजी."

आज अक्कांच्या पायाची जखम अर्धीच भरली आहे. वैद्यजी गेल्यापासून पट्टी सुटलेली नाही. दवाखान्याला कुलूप आहे. वसुधाताई, तुम्ही त्यांची लेक, आणि वैद्यही. त्यांच्या शेजारी बसून हीच जखम तुम्ही धूत होता. तुमच्या दुःखावर मी काय बोलणार? पण लोक काय म्हणतील, असं मनात असेल, तर लोक म्हणजे आम्हीच. इथेच बसलो आहोत. मंडळी, कोणाची हरकत आहे?

नाही ना?

मग आता उभे राहू या. त्यांच्यासाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका. अक्का, तुम्ही बसूनच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाताईंनी कुलूप काढलं. काढा उकळला. पट्टी भिजवून हळूच सोडली. आत थोडा पू होता. अक्कांनी तोंड फिरवलं.

"इकडे पाहा, अक्का," ताई म्हणाल्या.